अचलनाथांची बशी

"सभागृह तसूभरही हलणार नाही, महाराज. मग तिथं राहायला यायचं का टाळता?"

अचलनाथ महाराज कपातला चहा बशीत ओतत होते आणि तेवढं काम त्यांना पुरेसं होतं. नाव अचलनाथ, आणि हात कंपवातानं दिवसभर थरथरणारे. कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या मठात यावर हसायला बंदी नव्हती. सगळ्यांत आधी महाराजच हसत.

विचारणारा शिष्य हेरंब. इंजिनीयर माणूस. दीक्षा घेतली तरी ऐट काही उतरली नव्हती. या खोऱ्यात जमीन अधूनमधून हादरते आणि महाराज दगडमातीच्या खोलीत निजतात, या धास्तीनं त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

म्हणून त्यानं मठासाठी नवं सभागृह उभं केलं होतं. खांबांच्या मधे तेलाचे दट्टे बसवले होते. दार धाडकन आपटू नये म्हणून वर जो दट्टा लावतात, त्याचे हे थोरले भाऊ. भूकंप झाला की धक्का ते आपल्या अंगावर घेत. धक्का कसा आहे ते ओळखून आपले आपण सैल किंवा घट्ट व्हायची सोयही त्यांत होती.

ती सोय चालू आहे ना, असं महाराजांनी विचारलं.

"बंद केली. यंत्राचा काय भरवसा? सगळे दट्टे मी माझ्या हातानं आवळलेत. पार शेवटपर्यंत."

"का?"

"आपण आत असणार, महाराज... मला काहीच हलायला नको आहे."

महाराजांवर त्याचा खरोखरच जीव होता.

बशी ओठांकडे निघाली. काठोकाठ भरलेली, डुगडुगणारी. हेरंबला बघवेना. त्यानं पुढे होऊन महाराजांचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं.

मनगट थांबलं, बोटं उसळली. अर्धा चहा महाराजांच्या दाढीत गेला, अर्धा हेरंबच्या धोतरावर.

"सोड," महाराज म्हणाले.

त्यांनी दाढी पुसली, पुन्हा बशी भरली आणि त्याच थरथरत्या हातानं ती हेरंबच्या तोंडाशी धरली.

"पी."

गुरूंच्या हातचा चहा म्हणजे प्रसाद. नको म्हणता येईना. हेरंब ताठ बसला. पहिला घोट नाकात गेला. दुसरा मिशीत.

मग मात्र त्याची मान निमूटपणे बशीच्या मागे निघाली. बशी डावीकडे, मान डावीकडे. बशी थबकली की मानही थबके. पुढचा एक थेंबही सांडला नाही.

बशी रिकामी झाली तशी हेरंबनं दट्टे आवळायचा पाना उचलला.

"महाराज... दट्टे किती सैल करू?"

महाराजांनी रिकामी बशी पालथी घातली.

"मान तू मोजून सैल केली होतीस का? दट्ट्यांची ती सोय चालू कर. आणि संध्याकाळी माझं अंथरूण तिकडे टाक."