कर्ता नसलेले वाक्य

एकदा एक तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी एका वृद्ध शल्यचिकित्सकाकडे आले. व्यापाऱ्यांचे नाव भूपाल मगदूम, वय चौसष्ट. शल्यचिकित्सक डॉक्टर निमकर. त्यांच्या हाताखाली डॉक्टर मृणाल शेटे ही शिष्या शिकत होती.

मगदूमांचा आजार उग्र प्रकारचा होता. निमकरांनी त्यांना समजावले, "प्रोस्टेट काढायचंच आहे. पण ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, त्याही काढाव्यात, असं माझं मत आहे. आजार पसरायला लागला की बहुधा तिथे आधी पोचतो, आणि अगदी बारीक असेल तर स्कॅनमध्ये दिसत नाही. त्या काढल्यानं आयुष्य वाढेल, असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. आजार कुठवर गेलाय, एवढं मात्र कळेल. नंतर तिथे पाणी साठण्याचा धोकाही आहे."

मगदूम म्हणाले, "काढा. कळलेलं बरं."

शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने झाली. प्रोस्टेट आणि उजव्या बाजूच्या ग्रंथी निमकरांनी काढल्या. डाव्या बाजूच्या ग्रंथी त्यांच्या देखरेखीखाली मृणालने काढल्या. आठवड्याने अहवाल आला. काढलेल्या प्रोस्टेटच्या कडांपर्यंत कर्करोग पोचलेला नव्हता, आणि एकोणीसच्या एकोणीस ग्रंथी निरोगी होत्या. मृणाल मगदूमांना आनंदाने सांगायला गेली, "आम्ही गाठ पूर्ण काढली, काका. कुठेही काही राहिलेलं नाही."

पण तिसऱ्या आठवड्यात मगदूम परत आले ते लंगडत. डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता, अंगात ताप होता. ग्रंथी काढल्या त्या जागी लसिकेचे पाणी साठून रक्तवाहिनीवर दाब आला होता. पोटात नळी घालून ते काढावे लागणार होते.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई संतापल्या होत्या. "ग्रंथी चांगल्या होत्या म्हणता, मग काढल्या कशाला? चालता माणूस होता हा!"

मृणाल घाईने म्हणाली, "काकू, असं होतं कधी कधी. पाणी साठतं, पाय सुजतो. उतरेल."

निमकर तिच्या मागेच उभे होते. ते पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हा त्रास आमच्यामुळे झालाय. ग्रंथी काढायला मी सुचवलं. काढल्या नसत्या तर हे पाणी साठलं नसतं. आता ते बाहेर काढणं आमचं काम आहे."

मगदूमांनी भिंतीकडे तोंड वळवले.

बाहेर आल्यावर मृणालने अस्वस्थ होऊन विचारले, "सर, तुम्ही दोष अंगावर का घेतलात? चूक कुणाचीच नव्हती. हा धोका आपण आधीच सांगितला होता."

निमकर म्हणाले, "चूक झाली, असं मी म्हणालोच नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी हाच सल्ला देईन. पण तुझी वाक्यं आठव. अहवाल चांगला आला तेव्हा तू म्हणालीस, 'आम्ही गाठ काढली.' पाय सुजला तेव्हा म्हणालीस, 'पाणी साठतं, पाय सुजतो.' या दुसऱ्या वाक्यात आपण कुठे आहोत? पाणी आहे, पाय आहे, पण करणारा कर्ताच नाही. यश आलं की ते आपण केलेलं असतं आणि त्रास झाला की तो आपोआप झालेला असतो, असं बोलायची सवय लागली ना, की पुढे स्वतःचे हात स्वतःलाच दिसेनासे होतात. ज्याला स्वतःचे हात दिसत नाहीत, त्याच्या हाती रोग्यानं अंग का द्यावं?"

मृणाल बराच वेळ सज्ज्यात उभी राहिली. मग ती एकटीच आत गेली. नळी घातली गेली होती. मगदूम डोळे मिटून पडले होते.

"काका," ती म्हणाली, "डाव्या बाजूच्या ग्रंथी मी काढल्या होत्या. सर शेजारी होते, पण हात माझे होते. तुम्हाला होतोय तो त्रास माझ्या हातून झालेला आहे."

सुमतीबाई काही बोलणार होत्या, पण मगदूमांनी त्यांना हातानेच थांबवले. डोळे उघडून त्यांनी मृणालकडे पाहिले.

"दुखतंय अजून," ते म्हणाले.

"हो."

"उद्या नळी बघायला तुम्हीच या."

जे आपण केले, ते आपण केले असे म्हणता येणे, हीदेखील एक विद्या आहे. ती रोग्याच्या उशाशी उभे राहूनच शिकावी लागते.