अंघोळीच्या पाण्याची साक्ष

जहागीरदार रायाजीरावांचं पोट साफ होत नसे, वर कळाही येत. त्रिंबकशास्त्री वैद्यांनी महिनाभर चूर्ण दिलं. रोज भरल्या सदरेवर ते विचारत, "उतार आहे ना?" चारचौघांत रायाजीराव लाजून "आहे" म्हणत.

शेवटी शास्त्रीबुवांनी मानाची शाल मागितली. शाल आली. ते म्हणाले, "माझ्या औषधाचा गुण नाकारणारं आहे कोणी?"

"मी आहे," वाड्यात पाणी भरणारी सगुणाबाई म्हणाली.

"तुला नाडी कळते?"

"नाही बुवा. सरकार परसाकडे गेले की मी अंघोळीचं पाणी काढून ठेवते. चूर्णाआधी ते येईपर्यंत पाणी निवायचं, मग मी ते एकदा पुन्हा तापवायचे. हल्ली तीनदा तापवते."

रायाजीरावांनी शाल उचलली आणि स्वतःच्याच दुखऱ्या पोटाभोवती गुंडाळली.