मेथीची वरची मूठ

हलू नका रे आता, पांघरूण निसटतंय. तर एक होती राणी, केवडावती तिचं नाव. तिला चार महिन्यांचं बाळ होतं, गुटगुटीत आणि भुकेचं भारी. पण एकदा काय झालं, राणीच्या तोंडाची चवच गेली. बासुंदी खा नाहीतर राख खा, सगळं सारखंच. मग जेवण सुटलं. जेवण सुटलं तसं दूध आटायला लागलं, आणि बाळ सारखं किरकिर करायला लागलं. राणीच्या जिवाला घोर लागला.

राजाने वैद्य आणले. मग आचारी बदलले. मग शिपाई धाडून बाजारातली निवडक भाजी उचलून आणली. काही उपयोग नाही. एके दुपारी राणी ताटापुढे बसून डोळे पुसत होती, तर ताटातलं भरलं वांगं बोललं, बरं का. हसू नकोस गं चिंगे, तेव्हा बोलायची वांगी. म्हणालं, "राणीसाहेब, तुमची आमची ओळख ना पाळख, चव कुठून देऊ? मंगळवारच्या बाजारात या, आमच्या भागूबाईकडे."

मग मंगळवारी राणी गेली. पण कशी गेली, तर पालखीत, पडदे ओढून. दासीने उतरून भाजी घेतली, राणीने बाजाराचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. घरी येऊन खाल्लं, चव नाही. वांगं तर बोललंच नाही, फुगून बसलं.

दुसऱ्या मंगळवारी पायी गेली. भागूबाई पोतं अंथरून बसली होती, पुढे मेथी, वांगी, वाटाणा. तिने मेथीची जुडी दिली आणि वर आणखी मूठभर घातली. आपल्याला ती शेंगावाली घालते ना, तशीच. पण राणीचा ताठा बघा. तिने ती मूठ परत टाकली. म्हणाली, "आम्ही कुणाचं फुकट घेत नाही." भागूबाईचं तोंड एवढंसं झालं. हळूच म्हणाली, "तुमची नव्हती हो ती, बाळाची होती. अंगावर पाजणारीला मेथी चांगली." राणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चालू लागली. त्या दिवशी भाजी नुसता चोथा लागली.

आणि घरी बाळ रडरड रडलं. त्याला मांडीवर थोपटता थोपटता राणीला ती मूठ आठवली. लेकराचा वाटा आपणच फेकला, असं वाटून तिला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या मंगळवारी तिच्या अंगात त्राण नव्हतं. तरी बाळाला कडेवर घेऊन गेली, आणि भागूबाईच्या शेजारी, पोत्यावरच टेकली. म्हणाली, "मावशी, चुकलं माझं." भागूबाईने बाळाला मांडीवर घेतलं. मग काय, निघाल्या गप्पा. नदीपलीकडचा मळा, सुनेचे सुजलेले पाय, आणि मेथीचा अर्धा वाफा फस्त करून पुन्हा तोंड वर करून बघत बसलेली ती लबाड शेळी. राणी खुदकन हसली. बोलता बोलता भागूबाईने वाटाण्याची शेंग सोलून तिच्या हातावर ठेवली. राणीने दाणा तोंडात टाकला, आणि काय सांगू, गोड लागला. किती दिवसांनी काहीतरी गोड लागलं होतं.

निघताना तिने जुडी घेतली आणि तिथेच पदर पसरून उभी राहिली. म्हणाली, "मावशी, बाळाची मूठ राहिली की."

मग त्या दिवशी राणी भाकरी आणि मेथी पोटभर जेवली. दूध आलं, बाळ प्यायलं आणि ढाराढूर झोपलं. पुढे दर मंगळवारी राणी स्वतः पिशवी घेऊन जायची. एकदा तिला ताप आला तर भागूबाईच मेथी घेऊन वाड्यावर आली. बाळ मोठं झालं तरी त्याची मूठ काही चुकली नाही.

आपलाही बाजार उद्याच आहे. जो पिशवी धरेल, त्याला वरच्या मुठीतल्या शेंगा. पण लवकर उठणाऱ्यालाच नेणार हो मी. मिटा बघू डोळे.