लिंबाने वांग्यांना चहा पाजला

बोरखडी गावात एक भोळा सुतार होता. म्हणजे सुतार त्याचा थोरला भाऊ होता, हा नुसता भोळा होता. नाव लिंबा. भावाच्या हाताखाली लाकडं उचलायचं काम करायचा. अंगात दोन बैलांचं बळ. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा आणि सगळी पंचाईत तिथेच व्हायची. एकदा त्याला दार लोटून यायला सांगितलं, तर दार पडेपर्यंत लोटत राहिला.

थोरल्याचं नाव येसाजी. हाताचा मोठा कसबी. पण त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला काय झालं ते कुणाला कळेना. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. करवत, रंधा, पटाशी कोपऱ्यात गंजायला लागली. ताट समोर आलं तर दोन घास खायचा, नाही आलं तर मागायचा नाही. कशाचं दुःख आहे, असं त्याची बायको सारजा विचारायची. तो बराच वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "कशाचंच नाही. छातीवर ओंडका ठेवल्यासारखं वाटतं, एवढंच."

लिंबाने दोनदा त्याची छाती बघितली. ओंडका नव्हता.

दवाखान्यात चला म्हणून सारजाने खूप विनवलं. येसाजी हलेना. चार महिने असेच गेले. मग तिने लिंबाला पाठवलं. दवाखाना दोन कोसांवर होता. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने पोक्त, स्वभावाने शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हा मनाचा आजार आहे, म्हणाल्या. त्यावर औषधही असतं, पण माणूस बघितल्याशिवाय मी ते देणार नाही. तोवर घरच्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे.

"आधी त्याला रोज सकाळी घराबाहेर काढ," बाई म्हणाल्या. "अंगाला ऊन लागू दे."

"कळलं," लिंबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने येसाजीला अंथरुणासकट उचललं आणि अंगणात ठेवलं. मग त्याचे कपडे आणून ठेवले. मग ट्रंक. मग करवत आणि रंधा. मग आत जाऊन दाराला कडी घातली. सारजाने घाबरून विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, बाईंनी दादाला घराबाहेर काढायला सांगितलंय."

तासाभरात गावभर झालं की सुतारांच्या घरात वाटण्या झाल्या. दोन वडीलधारी माणसं भांडी वाटून द्यायला आली. एकाने तांब्याचा हंडा कुणाकडे जाणार ते विचारलं. येसाजीला बोलावंच लागलं. वाटण्या झालेल्या नाहीत, भाऊ भोळा आहे, हंडा कुठेही जात नाही, तुम्ही घरी जा, असं तो एका दमात बोलला. चार महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. आणि दार दुपारपर्यंत उघडलं नाही, त्यामुळे उन्हातच बसला.

लिंबाने जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"अरे लिंबा, तसं नाही. हाताला धरून हळूहळू नदीपर्यंत चालवत न्यायचं आणि परत आणायचं."

"चुकलंच," लिंबा म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करतो."

या वेळी बाईंनी सांगितलं की भावाला एकटं बसू देऊ नका, जिव्हाळ्याचं माणूस भेटायला बोलवा, माणूस बोलला की हलका होतो. सारजाने आपल्या भिवामामाला निरोप धाडला. मामा सत्तरीचे, उजवा गुडघा दुखरा. पण बोलण्यात असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. सकाळच्या एसटीने आले, फाट्यापासून लंगडत चालले आणि दारात येऊन चप्पल काढू लागले.

लिंबा वाटच बघत होता. मागच्या वेळची चूक पुन्हा करायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याने मामांचा हात धरला आणि त्यांना हळूहळू नदीपर्यंत चालवत नेलं.

मामांना आधी वाटलं, येसाजी नदीवर असेल. नदीवर येसाजी नव्हता. लिंबा म्हणाला, "चला, आता परत." मामा खडकावर बसले आणि म्हणाले की मी मेलो तरी इथून उठणार नाही. हा निरोप घेऊन लिंबा घरी आला. सारजाने कपाळाला हात लावला. ती येसाजीजवळ गेली आणि म्हणाली की मामा नदीवर अडकलेत, त्यांना आणायला भावोजींना पाठवायची माझी छाती होत नाही.

येसाजी थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि नदीवर गेला. गुडघा निवेपर्यंत दोघं खडकावर बसले. मामांनी आधी लिंबाला शिव्या दिल्या, मग गुडघ्याची हकीकत सांगितली, मग मामी गेली त्या वर्षाची. त्या वर्षी मामाही असेच भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, हे येसाजीला माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला. दिवस कलल्यावर मामांना खांद्याचा आधार देत घरी घेऊन आला आणि त्या दिवशी त्याने पूर्ण भाकरी खाल्ली.

लिंबा दवाखान्यात गेला. बाईंनी चष्मा काढला.

"अरे, घरी आलेल्या माणसाला असं नाही करायचं. पाटावर बसवायचं, चहा द्यायचा, मन लावून त्याचं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, नुसतं हूं हूं म्हणायचं."

"कळलं," लिंबा म्हणाला.

मग बाई म्हणाल्या की परसात चार रोपं लावायला भावाला लाव. रोपाला रोज पाणी लागतं, त्यामुळे माणसाला रोज उठावं लागतं. लिंबाने बाजारातून वांग्याची वीस रोपं आणली. घरी आणली म्हणजे ती घरी आली. त्याने ओटीवर पाट मांडले. एकेका पाटावर चार-चार रोपं नीट टेकवून बसवली. वहिनीच्या चुलीवर चहा ठेवला, चांगला दूध-साखर घालून. प्रत्येक रोपाला बशीभर चहा दिला. मग समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "हूं."

येसाजी आतल्या खोलीत पडला होता. त्याला ऐकू येत होतं. हूं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा हूं. असं तासभर चाललं. कोण आलंय आणि एवढं काय सांगतंय, हे त्याला कळेना. शेवटी तो उठून बाहेर आला.

लिंबा हळू आवाजात म्हणाला, "दादा, ही काही बोलतच नाहीत. चहा घेत नाहीत. मान टाकून बसलीत नुसती. यांनाही तुझ्यासारखंच झालंय."

येसाजी त्या रोपांकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला. एकेक रोप उचलून त्याने मुळांचा चहा धुतला. परसात जाऊन आळी केली आणि अंधार पडायच्या आत सगळी रोपं लावली. अकरा गेली. नऊ जगली. त्या नवांना पाणी घालायला तो रोज सकाळी उठायला लागला. काही दिवस असे यायचे की उठणं जड जायचं. तेव्हा लिंबा खोलीच्या दारात येऊन सांगायचा की वांगी विचारत होती.

बाईंनी चष्मा काढला. "अरे, रोप म्हटलं की खड्डा करायचा, मुळं मातीत पुरायची, पाणी घालायचं आणि धीर धरायचा."

"आता नाही चुकणार," लिंबा म्हणाला.

मग बाईंनी विचारलं की भावाला पूर्वी कशात रमायला आवडायचं. लिंबा म्हणाला, ढोलकी. शनिवारच्या भजनात दादाची ढोलकी असायची. आता ती खुंटीला टांगलेली आहे. बाई म्हणाल्या की ती खाली काढ आणि त्याच्यासमोर ठेव, बाकी त्याला काही म्हणू नकोस.

लिंबाने ढोलकी खाली काढली. परसात दादाच्या समोर राहील अशी, वांग्यांच्या शेजारची जागा निवडली. हातभर खड्डा केला, ढोलकी उभी पुरली, दोन कळशा पाणी घातलं आणि धीर धरला.

सकाळी येसाजी वांग्यांना पाणी घालायला आला. मातीतून ढोलकीचं एक तोंड वर बघत होतं.

"अजून कोंब आला नाही," लिंबा म्हणाला.

येसाजीने तांब्या खाली ठेवला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उकरायला लागला. ढोलकी बाहेर काढली तेव्हा कातडं फुगलं होतं, दोऱ्या चिखलाने भरल्या होत्या. त्याने गंजलेली पटाशी दगडावर घासली, लाकूड वाळवलं, तासून साफ केलं, बाजारातून नवं कातडं आणलं. आठ दिवस तो त्या ढोलकीपाशी होता. नवव्या दिवशी दुपारी त्याने दोऱ्या आवळल्या आणि थाप मारली. चुलीपाशी सारजा भाकरी थापत होती. तिचे हात तिथेच थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिने ती उलटली नाही.

लिंबाने हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला तो जरा जास्त वेळ पुसला.

"लिंबा, आता तू काही करू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसतं लक्ष ठेव. ज्या दिवशी तो पोटभर हसेल, त्या दिवशी जसा असेल तसा उचलून आण. तीच वेळ बरी. एरवी तो यायचा नाही."

लिंबा लक्ष ठेवून राहिला. पंधरा दिवसांनी रावजी न्हावी येसाजीची दाढी करायला अंगणात बसला होता. डावा गाल झाला होता, डावी मिशी कोरून झाली होती, उजवीकडे साबण होता. रावजी म्हणाला, बाजारात लोक मला विचारतात, बोरखडीला ढोलकीचं बी कुठे मिळतं. येसाजीने ओठ दाबून धरले. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

लिंबाने त्याला उचललं आणि निघाला. रावजी वस्तरा हातात घेऊन बघत राहिला.

दवाखान्यात बारा पेशंट बसले होते. लिंबाने येसाजीला बाईंच्या टेबलासमोर उभा केला. गळ्यात टॉवेल, उजव्या गालावर वाळलेला साबण, मिशी दोन बाजूंना दोन प्रकारची. बाईंनी त्याला बसवलं, नाडी बघितली, झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. येसाजीने सगळं सरळ सांगितलं. ओंडका अजून आहे, पण रोज नसतो. थोडे दिवस औषध घ्यावं लागेल, असं बाई म्हणाल्या. तो घेईन म्हणाला.

"आणि दिवसभर मनात काय विचार येतात?" बाईंनी विचारलं.

येसाजीने नेहमीसारखा बराच वेळ विचार केला. "बाई, खरं सांगू का. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार येतो, लिंबा कुठे आहे. मग उठावंच लागतं."

बाई हसायला लागल्या. चष्मा काढला तरी हसणं थांबेना.

लिंबाने त्यांच्याकडे नीट बघितलं. पोटभर हसत होत्या. मग तो टेबलाला वळसा घालून गेला, खुर्चीच्या खाली हात घातले आणि बाईंना जशा होत्या तशा उचलून डोक्यावर घेतलं.

बोरखडीच्या वेशीत लोकांनी बघितलं ते असं. पुढे लिंबा. त्याच्या डोक्यावर खुर्ची. खुर्चीत डॉक्टरीणबाई, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, खाली ठेव म्हणायला तोंड उघडायच्या आणि पुन्हा हसायला लागायच्या. त्यांच्या मागे बारा पेशंट, आपापला नंबर न मोडता. आणि सगळ्यांच्या पुढे जायला धडपडत, दीड मिशीचा येसाजी. चार महिने ज्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, तो दारोदार हात जोडून सांगत होता, "बाबांनो, हा घरी पोचेपर्यंत कुणीही हसू नका."