गणपतीमागचा दिवा

एकदा एका संशयी माणसाला जुनी मोटार विकत घ्यायची होती. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात तो शाळामास्तर होता आणि शाळा सुटल्यावर गावातल्याच एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे न्यायशास्त्र, म्हणजे जुने तर्कशास्त्र, शिकायला जात असे. संशय हे त्या शास्त्रातले एक मान्यवर तत्त्व आहे, असे बुवांनी पहिल्याच पाठात सांगितले होते. शिष्याला ते फार आवडले होते. बाकीचे पाठ त्याच्या तितकेसे लक्षात राहत नसत.

त्याच्या संशयाला कारणही तसेच होते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पत्नीला सातव्या महिन्यात अकस्मात कळा सुरू झाल्या. तालुक्याचे रुग्णालय घाटाच्या वर. ‘निर्धास्त राहा मास्तर’ असा शब्द देणाऱ्या जीपवाल्याची जीप भर चढावर बंद पडली आणि ते बाळ हाती लागले नाही. आता पत्नीला पुन्हा पाचवा महिना लागला होता. या वेळी कोणाच्या शब्दावर विसंबायचे नाही, दारात आपली स्वतःची गाडी हवी, असे त्याने ठरवले. अशा माणसाला ‘संशय घेऊ नकोस’ असे सांगणारा एक तर संत असेल, नाहीतर जीपवाला.

तर मास्तर प्रथम शेजारच्या गावी एका निवृत्त सिस्टरबाईंची गाडी पाहायला गेला. बाईंनी चावी फिरवली, इंजिन सुरू केले आणि स्वतःच बोट दाखवले. समोरच्या तबकडीवर इंजिनाच्या आकाराचा एक केशरी दिवा पेटलेला होता.

“हा तीन महिने झाले लागतोय,” त्या म्हणाल्या. “गाडी चालते, पण दिवा का लागतो ते मला ठाऊक नाही. मिस्त्रीला दाखवा आणि मगच काय ते ठरवा.”

मास्तर तिथून जो निघाला तो वाटभर विचार करत आला. विकणारा माणूस आपल्या मालातली खोट आपणहून सांगतो? छे! एवढी खोट सांगते, म्हणजे हिच्या पोटात केवढी तरी मोठी दडलेली असणार. दुधाने तोंड पोळलेल्याने ताकही फुंकून प्यावे हे खरे, पण आमचा मास्तर ताकाचे भांडेच पालथे करून आला होता.

दुसरी गाडी हमरस्त्यावरच्या एका व्यापाऱ्याकडे होती. धुतलेली, पुसलेली, आरशासारखी. इसार गुरूंच्या हातून द्यावा म्हणून मास्तर शास्त्रीबुवांनाही सोबत घेऊन गेला आणि वाटेत त्यांना सिस्टरबाईंच्या दिव्याची गोष्ट सांगितली. बुवा झाडाखाली उभे राहिले आणि शिष्याची परीक्षा सुरू झाली. त्याने कागदावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अंक न् अंक ताडून पाहिला. पायाखालचे गालिचे उचलून वास घेतला, कारण पुरात बुडालेल्या गाडीला कुबट वास राहतो असे त्याने ऐकले होते. दारांच्या कडांवरून नख फिरवून नवा रंग लागतो का ते पाहिले. क्लचच्या पेडलचे रबर किती झिजले आहे आणि त्या मानाने मीटरवरचा आकडा खरा वाटतो का, याचाही हिशेब केला. व्यापारी हसतमुखाने उभा होता.

“बघा, बघा. निवांत बघा मास्तर. आपल्याकडं लपवाछपवी नाही.”

हे वाक्य ऐकून मास्तरने गालिचे पुन्हा एकदा उचलून पाहिले.

शेवटी तो आत बसला आणि त्याने चावी फिरवली. तबकडीच्या काचेवर डावीकडे खालच्या कोपऱ्यात गणपतीचा एक छोटा स्टिकर चिकटवला होता. चावी फिरताच गणपतीच्या मागून मंद केशरी तेज पसरले, प्रभावळच जणू.

“देव बसवलाय गाडीत,” व्यापारी खिडकीत वाकून म्हणाला. “चावी फिरवली की तेज येतं मागून. लोक हौसेनं पैसे घालून असलं लायटिंग करून घेतात. तुम्हाला आयतं मिळतंय.”

मास्तरचे हात आपोआप जोडले गेले. त्याला घरी व्हायचे बाळंतपण आठवले, बायकोचा चेहरा आठवला आणि कित्येक दिवसांत प्रथमच त्याला बरे वाटले. हा शकुनच, असे त्याच्या मनाने घेतले. “गुरुजी, इसार द्यायला हरकत नाही,” तो म्हणाला.

शास्त्रीबुवा गाडीपाशी आले. “इंजिन सुरू कर,” त्यांनी सांगितले.

इंजिन सुरू झाले. तबकडीवरचे बाकीचे दिवे एकेक करून विझले. गणपतीमागचे तेज तसेच राहिले. बुवा बराच वेळ नुसते पाहत उभे होते. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, आत वाकून गणपतीला नमस्कार केला आणि नखाने स्टिकरचे एक टोक उचलायला सुरुवात केली.

“अहो बुवा, हे काय करताय!” व्यापारी ओरडला. “देव आहे तो! तुमच्यासारख्या माणसानं असं करावं?”

मास्तरने तर बुवांचा हातच धरला. “गुरुजी, नको! घरात बायकोला दिवस गेलेत आणि तुम्ही देवाला हात लावता?” तो हे बोलत असतानाच त्याच्या मनात भलतेच काही येऊन गेले. बुवांचे वय झाले का? की त्या सिस्टरबाईंशी यांचे काही साटेलोटे आहे? आपल्याला इथून उठवून तिच्या दारी नेण्याचा तर हा घाट नाही? त्याचे त्यालाच वाईट वाटले, पण विचार आला तो आलाच.

बुवांनी हात सोडवून घेतला, स्टिकर अलगद काढला आणि कपाळाला लावला. काचेवरच्या मोकळ्या जागी इंजिनाच्या आकाराचा केशरी दिवा स्वच्छ दिसत होता.

मग बुवांनी व्यापाऱ्याला शांतपणे विचारले, “चढावर काय करते ही गाडी?”

“काही नाही हो, सेन्सर असतो एक, तो...”

“चढावर काय करते?”

व्यापाऱ्याने मान खाली घातली. “माणसं भरली की भर चढावर दम सोडते कधी कधी. दोघांनी परत आणून दिली.”

तो गाडीतून उतरला आणि जवळच्या बाकावर जाऊन बसला. त्याला व्यापाऱ्याचा राग आला, पण त्याहून कितीतरी अधिक स्वतःचा आला.

“गुरुजी, तुम्हाला कसं कळलं?” त्याने विचारले.

बुवा त्याच्या शेजारी बसले. “मला गाडीतलं काही कळत नाही. पण देव कुठे बसवतात ते कळतं. माणूस देवाला समोर बसवतो, मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. हा गणपती स्टिअरिंगच्या चाकाच्या आड, खालच्या कोपऱ्यात बसवलेला होता. म्हणून मला शंका आली ती देवाविषयी नव्हे, त्या जागेविषयी. तू गालिच्यांचा वास घेतलास, नंबर ताडलेस, रंग खरवडलास. संशय तुझ्याजवळ पोतंभर आहे. पण फसवणाऱ्याला ठाऊक होतं की तो तू कुठे वहाणेसारखा काढून ठेवशील. तिथेच त्याने दिवा झाकला. आणि जिने दिवा उघडा ठेवला, तिच्या दारातून मात्र तू पळून आलास. तिची गाडी चांगलीच आहे, असं मी म्हणत नाही. उघड्या दिव्याला ‘का रे पेटलास?’ म्हणून विचारता येतं, एवढंच म्हणतो. जा, मिस्त्री घेऊन जा आणि विचार.”

मग ते उठले आणि स्टिकर व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवत म्हणाले, “याला पूजेत बसव. चोरीच्या राखणीला बसवू नकोस.”

सिस्टरबाईंच्या गाडीला मिस्त्रीने दोष शोधायचे यंत्र लावले, बॉनेट उघडले आणि अर्ध्या तासात उंदराने कुरतडलेली एक वायर बाहेर काढून दाखवली. वायर बदलली, दिवा विझला. तरी मास्तरने चार माणसे बसवून गाडी तीन वेळा घाट चढवून आणली. बाई रागावल्या नाहीत. “आणखी एकदा जाऊन या,” त्या म्हणाल्या, “जीव निवांत होऊ दे.”

दिवस भरले. एका दुपारी मास्तरने स्वतः गाडी चालवत पत्नीला घाटावर नेले. तो रस्त्यापेक्षा तबकडीकडेच अधिक पाहत होता. “पुढं बघा हो,” कळा सोसत तीच त्याला दटावत होती. संध्याकाळी त्यांना मुलगी झाली.

बारशाचे पेढे घेऊन मास्तर गुरूंकडे गेला. पाया पडून उठला, पण त्याला बसवेना. अखेर तो म्हणाला, “गुरुजी, एक अपराध झालाय. त्या दिवशी मी तुमच्यावरही संशय घेतला. तुमचं आणि सिस्टरबाईंचं साटेलोटं असेल असं माझ्या मनात आलं.”

शास्त्रीबुवा मोठ्याने हसले. “संशय घेतलास हा अपराध नव्हे. पण तो पोटात ठेवून तू इतके महिने माझ्या पाया पडत राहिलास. अरे, तुझा दिवा पेटला होता आणि तू त्यावर नमस्कार चिकटवलास. मला विचारायचं होतंस.”

शिष्य खाली बसला. मग त्याने वही उघडली आणि मागच्या पाठातली, त्याला कधीच न पटलेली एक गोष्ट प्रथमच गुरूंना विचारली. बुवांना उत्तर द्यायला बराच वेळ लागला.