साहेबांच्या पसंतीचं बटण

पतपेढीच्या ॲपचा नमुना बनवणाऱ्या ऋजुताला पतपेढीचे अध्यक्ष घोरपडेसाहेब यांनी जेरीस आणलं होतं. बटण त्यांना कधी लहान वाटे, कधी मोठं. आज पसंत पडलं नाही, तर काम दुसऱ्या कंपनीला जाणार होतं.

मग ऋजुताने नमुन्यातच एक सरकपट्टी घडवली. ती सरकवली, की सगळ्या पानांवरची बटणं लहानमोठी होत.

"साहेब, तुम्हीच ठरवा," तिने लॅपटॉप पुढे केला.

साहेबांनी पट्टी बराच वेळ मागेपुढे केली आणि एके जागी थांबवली. "याला म्हणतात नजर! तुमचं कालचं बटण कुठे आणि हे कुठे!"

"साहेब, माप कालचंच आहे. काल ते माझं होतं, आज तुमचं झालं, एवढाच फरक."

साहेब गोरेमोरे झाले, मग खो खो हसत म्हणाले, "करा सुरू काम!"

ऋजुताचा जीव भांड्यात पडला.