चकचकीत पडद्यातला तडा

मिरजेच्या एका धर्मादाय इस्पितळात डॉ. मृण्मयी केळुसकर एक्स-रे तपासत. विश्वस्त आबासाहेबांनी त्यांचा जुना, न चमकणाऱ्या मॅट पडद्याचा लॅपटॉप काढून चकचकीत पडद्याचा आणला. “यात नीट दिसत नाही, एखाद्याचं निदान चुकेल,” डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं.

“पडदा उत्तम आहे, बाई. बघणाऱ्याला नजर पाहिजे!” आबासाहेब म्हणाले.

डॉक्टरांनी शांतपणे एका मांडीचा एक्स-रे उघडला. “मग तुम्हीच बघा, हाड मोडलंय का?”

आबासाहेबांनी वाकून ऐटीत बोट टेकवलं. “हा काय, आडवा पांढरा तडा!”

“ती पडद्यात तुमची पांढरी मिशी चमकतेय, आबासाहेब. पेशंटचं हाड धडधाकट आहे. आता प्लास्टर कुणाला घालू?”

आबासाहेब ओशाळून हसले. आठवड्याभरात मॅट पडदा परत आला.